ग्रिपचं गोत्र

आधी निकाल सांगतो, मग खटला चालवू. बॅटरी ग्रिप दुसऱ्या कंपनीची घेतली तरी चालते. तिच्या आत जाणारी बॅटरी मात्र ज्या कंपनीचा कॅमेरा, त्याच कंपनीची हवी. आमचे बहुतेक शौकीन नेमकं उलट करतात. ग्रिपवरचं नाव चारचौघांत झळकतं म्हणून तिच्यावर पाच आकडी रक्कम उधळतात. बॅटरी आत दडलेली असते, कोण बघतंय? तिथे तीन-चारशे रुपयांची निनावी बॅटरी कोंबतात. म्हणजे जे प्लास्टिक नुसतं दिसायचं ते अस्सल, आणि जे पेटू शकतं ते कसलंही! या विचारसरणीला मी मूर्खपणा म्हणतो. तुम्हाला यापेक्षा सभ्य शब्द सुचला तर खुशाल वापरा.

ज्यांचा या वस्तूशी कधी संबंध आला नाही त्या भाग्यवंतांसाठी दोन ओळी. बॅटरी ग्रिप म्हणजे कॅमेऱ्याच्या बुडाला स्क्रूने आवळायचा एक ठोकळा. त्यामुळे दोन बॅटऱ्यांची सोय होते, आणि कॅमेरा उभा धरला की बोटाखाली येईल असं दुसरं शटर बटण मिळतं. झालं. जास्त वेळ चालणं आणि उभा फोटो काढताना कोपर आभाळात न जाणं, ही तिची दोन अधिकृत कामं. तिसरं काम कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं, पण आमच्याकडे ग्रिप खपते ती त्याच कामासाठी. कॅमेरा मोठा दिसतो.

हसू नका. आमचं सौंदड मुंबई-कोलकाता महामार्गावर. स्टेशनही आहे, गोंदिया-बल्लारशाह लाईनवरचं. लग्नं ऐन एप्रिल-मेमध्ये, पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना. मांडवात फोटोग्राफर शिरला की पहिली परीक्षा नवरीचे मामा घेतात. "का जी भाऊ, कॅमेरा तं लहानसाच दिसून राह्यला!" आता मामाजींना सेन्सरचा आकार काय समजावणार? हातातली वस्तू दीड वीत असेल तर फोटोवाला शिकाऊ, अडीच वीत असेल तर नागपूरहून बोलावलेला. त्या मांडवात ग्रिप हे यंत्र नसतं, पद असतं. दुसरा फोटोवाला कॅननची सर्वांत स्वस्त बॉडी घेऊन येतो, खाली ठोकळा जोडतो, वर फ्लॅश चढवतो, लेन्सला हूड लावतो आणि मामा स्वतः त्याला थंडा आणून देतात.

इथे आपले शुद्धतावादी बंधू भुवया उंचावतात. "डुप्लिकेट ग्रिप? छे छे, आपण ओरिजिनलशिवाय हात लावत नाही." बरं महाराज, मग १५००डीची ओरिजिनल ग्रिप आणून दाखवा. नाही मिळणार. कॅननने ती कधी बनवलीच नाही. २००डीचीही नाही. निकॉनने डी३०००च्या आणि डी५०००च्या आख्ख्या घराण्याला ग्रिप दिली नाही. कंपनीचा हिशेब सरळ आहे: ग्रिप पाहिजे तर वरच्या किमतीची बॉडी घ्या. तिथे तिऱ्हाईत कंपन्या धावून आल्या. बुडाला कंपनीने कॉन्टॅक्ट ठेवलेले नाहीत, म्हणून त्यांनी ग्रिपमधून एक छोटी वायर काढली आणि कॅमेऱ्याच्या बाजूला असलेल्या रिमोटच्या भोकात खोचली. दिसायला गावठी, पण बटण दाबलं की फोटो निघतो. ज्या वस्तूचं मूळच अस्तित्वात नाही तिला नक्कल म्हणायला केवढी प्रतिभा लागत असेल!

शुद्धतावादाचं खरं पीठ मात्र लग्नमंडपात नाही, जंगलात आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ साली जाहीर झाला आणि आमच्या भागातून पहाटे जाणाऱ्या गाड्यांमध्ये एक नवी जमात दिसायला लागली. अंगात पानांच्या नक्षीचा शर्ट, मांडीवर बीनबॅग, तोंडात उपदेश. पिटेझरीच्या गेटवर परवाने तपासून होईपर्यंत ही मंडळी शेजारच्या जिप्सीतल्या पोराला प्रवचन देतात. "बाळा, थर्ड पार्टी काही वापरू नकोस. कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक्सवर विपरीत परिणाम होतो." विपरीत परिणाम! शब्द कसा घडाघडा येतो! आणि या महर्षींच्या स्वतःच्या मांडीवर काय असतं? सिग्माची किंवा टॅमरॉनची १५०-६००.

आता विचार करा. वाघाचा प्रत्येक प्रकाशकण ज्या काचेतून आत येतो ती काच तिऱ्हाईत. फोकसची मोटर ज्या चिपशी सेकंदात कितीदा हुज्जत घालते ती चिप तिऱ्हाईत. कार्ड तिसऱ्याचं, फ्लॅश चौथ्याचा, ट्रायपॉड पाचव्याचा. निकॉनवाल्यांच्या तर कित्येक बॉड्यांमधला सेन्सर सोनीच्या कारखान्यात घडलेला. एवढं सगळं सोवळ्यात बसतं. ओवळं होतं ते फक्त बुडाचं प्लास्टिक! तत्त्वनिष्ठा असावी तर अशी, जिचा सत्तर-ऐंशी हजारांच्या लेन्सला काही त्रास होत नाही आणि अडीच हजारांच्या ठोकळ्यापाशी मात्र ती खडबडून जागी होते.

कंपन्यांचं म्हणाल तर त्यांच्याशी माझं वैर नाही. त्यांनी केलेली करमणूक मी कृतज्ञतेनं आठवतो. निकॉनची २०१७ सालची डी८५० घ्या. बॉडी नुसती सेकंदाला ७ फ्रेम काढते. ग्रिप लावली तर ९. काय बहार! म्हणून तुम्ही एमबी-डी१८ ही ग्रिप घेता, कॅमेऱ्यासोबत आली तसलीच दुसरी बॅटरी तिच्यात घालता, बटण दाबता आणि फ्रेम येतात ७. कारण ९ हव्या असतील तर डी५सारख्या बड्या कॅमेऱ्याची ईएन-ईएल१८ कुळातली बॅटरी लागते. ती वेगळी घ्या. ती तुमच्या चार्जरवर चढत नाही, तेव्हा तिचा चार्जर वेगळा. आणि ती ग्रिपमध्ये बसली की झाकण लागत नाही, म्हणून बीएल-५ नावाचं झाकणही वेगळं. घर घेतल्यावर कळावं की दाराची कडी पुढच्या गल्लीत मिळते, तसला हा व्यवहार. सेकंदाला दोन फ्रेमसाठी चार खरेद्या. आणि तरीही लूटमारीचा आरोप कुणावर? तर चिनी ग्रिपवाल्यांवर.

याहून सरस प्रयोग पुढे झाला. २०१८ साली झेड६ आणि झेड७ आल्या. निकॉनभक्तांनी ग्रिपसाठी डोळ्यांत प्राण आणले. २०१९ मध्ये ती आली, एमबी-एन१०. दोन बॅटऱ्या मावतात, बांधणी उत्तम, धूळ-पाणी अडवणारी. फक्त एक गोष्ट नव्हती. शटर बटण. उभ्या फोटोसाठी ज्याच्यावर बोट ठेवायचं ते बटणच नाही, फिरवायची चकती नाही, काही नाही. नसणारच, कारण बटणाचा निरोप वर पोचवणारे कॉन्टॅक्ट कॅमेऱ्याच्या बुडाला ठेवलेलेच नव्हते. पुढे झेड६ टू आणि झेड७ टूला बटणवाली एमबी-एन११ मिळाली, म्हणजे आधीची चूक सुधारून घ्यायला नवीन कॅमेरा घ्यावा लागला. ओरिजिनलचा महिमा गाणाऱ्यांनी या अध्यायाचं पारायण रोज करावं.

कॅननवाल्यांनी खूश होऊ नये, तुमचा नंबर आलाच. कॅननच्या बऱ्याच बॉड्यांमध्ये परकी बॅटरी घातली की पडद्यावर प्रश्न उमटतो: या बॅटरीवर कॅननचा लोगो आहे का? हो की नाही? वाचा पुन्हा. कॅमेरा तुम्हालाच विचारतो! जातपडताळणी समितीने अर्जदाराला समोर उभं करून "तुम्ही खरंच त्या जातीचे ना?" एवढंच विचारावं आणि "हो" म्हणताच शिक्का मारून द्यावा, तसली ही कडक तपासणी. लाखभर रुपयांचं यंत्र, डोळा ओळखून फोकस धरणारं, आणि पोटातली बॅटरी कुणाची हे मालकाच्या शब्दावर सोडतं.

माहितीपुस्तकातला इशाराही मन लावून वाचण्यासारखा. अस्सल नसलेल्या जोडवस्तूमुळे बिघाड झाला तर वॉरंटी लागू होणार नाही, असं तिथे बजावलेलं असतं. लगेच पुढे मधाळ भर: मात्र पैसे देऊन दुरुस्ती करून मिळेल. बरोबर. पाप आहे, पण प्रायश्चित्ताचं दरपत्रक उपलब्ध आहे. आणि एवढ्यावरून शुद्धतावादी जी गोष्ट पसरवतो, की ग्रिप लावली की वॉरंटी बाद, ती तिथे लिहिलेलीच नाही. बाद होतो तो त्या ग्रिपने केलेला बिघाड. भक्त नेहमी देवापेक्षा कडक असतात.

एवढं वाचून स्वस्त ग्रिपवाले टाळ्या पिटत असतील. थांबा, तुमचाही सत्कार बाकी आहे.

"हजार रुपयात तेच काम!" हे यांचं ब्रह्मवाक्य. तेच काम? साकोलीच्या एका लग्नात मी जे बघितलं ते सांगतो. शेजारी उभा असलेला मित्र, त्याच्याकडे दिल्लीहून मागवलेली ग्रिप, खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव नाही. अशा ग्रिपचा दांडा कॅमेऱ्याच्या बॅटरीच्या खोबणीत शिरतो, आणि खालून एक दातेरी चाक फिरवून स्क्रू ट्रायपॉडच्या आट्यांत आवळायचा असतो. सगळा वीजपुरवठा त्या दांड्यावरच्या चार पत्र्यांवर. चाक सैल पडलं की दांडा केसभर खाली सरकतो, पत्रे सुटतात, कॅमेरा मरतो. पूर्वसूचना नाही, बॅटरीचा लाल दिवा नाही. मंगलाष्टकं चालू होती. दोघांत अंतरपाट. माझा मित्र कॅमेरा उभा धरून, डोळा लावून, श्वास रोखून. भटजी "सावधान" म्हणाले, अंतरपाट निघाला, अक्षता उडाल्या, आणि त्याच्या बोटाखाली काहीच झालं नाही. त्याने ग्रिप खालून दाबून धरली, कॅमेरा जिवंत झाला, तोवर बँड वाजायला लागला होता आणि फ्रेममध्ये करवलीची पाठ होती. अक्षता पुन्हा उडवा म्हणायची सोय या धंद्यात नाही.

त्याने मग रागाने ग्रिप काढली. तरी कॅमेरा सुरू होईना! कारण ग्रिप लावताना बॅटरीचं मूळ झाकण काढून ठेवावं लागतं आणि त्या झाकणाशिवाय कॅननची बॉडी डोळा उघडत नाही. कंपनीच्या ग्रिपमध्ये ते झाकण ठेवायला दांड्यातच खाच असते. या ग्रिपलाही खाच होती, नक्कल करणाऱ्याने तेवढी निष्ठा दाखवली होती. पण खाच होती म्हणून झाकण तिच्यात होतं असं नाही. ते घरी, टेबलाच्या खणात सुखरूप होतं.

तेव्हा स्वस्तात कुठे मार बसतो ते नीट समजून घ्या. बॉडी प्लास्टिकची असते म्हणून नव्हे. कंपनीच्याही कित्येक ग्रिपा प्लास्टिकच्याच, ५डी मार्क थ्रीच्या बीजी-ई११सारखी मॅग्नेशियमची एखादी. मार बसतो तो सांध्यात. चाकाचा पेच, दांड्याचे पत्रे, बटणाचा अर्धा दाब. चांगल्या बटणावर अर्धा दाब वेगळा लागतो, पूर्ण दाब वेगळा. टुकार बटण दोन्ही एकदम करून टाकतं आणि फोकस लागायच्या आत फोटो निघतो. रबर सहा महिन्यांत सुटतं ते वेगळंच. पावसाळ्यात धानाच्या बांध्यांवर फिरणाऱ्याने हेही ध्यानात ठेवावं, की कंपनीच्या वरच्या ग्रिपांना पाणी अडवणाऱ्या रबरी पट्ट्या असतात, स्वस्त ग्रिपांना सहसा नसतात. तिऱ्हाईतांमध्येही नाव लावणाऱ्या कंपन्या आहेत, मेईके, नीवर वगैरे. त्या स्वतःचं नाव छापतात, म्हणजे शिव्या घालायला पत्ता तरी मिळतो.

आणि एक तिसरी जात आहे, जिच्यावर शुद्धतावादी आणि कंजूष दोघेही सारख्याच भक्तीने भाळतात. ग्रिप कुठल्यातरी शेडमध्ये बनलेली, पण वर ठसठशीत कॅनन किंवा निकॉन. किंमत ओरिजिनलच्या तिसऱ्या हिश्श्याने. दुकानदार कानाशी लागतो, "एक्स्पोर्टचा माल आहे, बिलाशिवाय." शुद्धतावाद्याला नाव मिळतं, कंजुषाला भाव मिळतो, दोघांचंही समाधान. मीही ग्रिप बनवते म्हणणारी चिनी कंपनी आणि मीच कॅनन म्हणणारा भामटा, यांत साव-चोराचा फरक आहे. आपण दोघांना एकाच टोपलीत टाकतो आणि वर त्यातल्या चोरालाच जास्त पैसे देतो.

आता बॅटरीकडे वळू, कारण खरा धोका तिथेच आहे. ग्रिप बिघडली तर फोटो जातो. बॅटरी बिघडली तर बरंच काही जातं. लिथियम-आयन सेलला जास्त चार्ज, जास्त उष्णता आणि शॉर्ट यांचं वावडं असतं. म्हणून चांगल्या बॅटरीत सेलसोबत एक रक्षक सर्किट असतं, वेळेवर चार्जिंग तोडणारं, तापमान बघणारं. स्वस्त बॅटरीत काटकसर नेमकी तिथे होते, कारण ते बाहेरून दिसत नाही. मग ती बॅटरी मे महिन्यात काच बंद केलेल्या गाडीत ठेवा आणि काय होतं ते बघा. नको, बघू नका.

आकड्यांची फेकाफेक तर विनोदी आहे. कॅननची एलपी-ई६ बॅटरी १८०० एमएएचची होती. पुढे एलपी-ई६एन १८६५ची झाली, आणि बऱ्याच वर्षांनी एलपी-ई६एनएच २१३०वर पोचली. तोच आकार, तोच डबा. जपानी अभियंत्यांना एवढी मजल मारायला दहाएक वर्षं लागली. आणि फुटपाथवरच्या पाकिटावर छापलेलं असतं ३०००! एवढं संशोधन ज्याने केलं तो माणूस तीनशे रुपयांना बॅटरी विकत बसला आहे, हे देशाचं केवढं दुर्दैव. भारतात अशा बॅटऱ्यांसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे, नोंदणीचा क्रमांक बॅटरीवर छापावा लागतो. तेवढं वाचायला भिंग लागलं तरी वाचा. आणि ग्रिपमध्ये एक नवी, एक जुनी अशी मोट बांधू नका. दोन्ही एका वयाच्या, एका जातीच्या ठेवा.

पण तुम्हाला ग्रिप लागतेच कशाला, हे कुणी विचारलं का? ८०डीची एक बॅटरी कॅमेरा कंपन्यांच्या प्रमाणित मोजणीनुसार ९६० फोटो देते. डी७२०० देते १११०, डी८५० तर १८४०. सकाळची सफारी चारेक तासांची. नागझिऱ्याचा वाघ एवढा हौशी नाही, की तुमच्या दोन बॅटऱ्या संपेपर्यंत पोज देईल. जिप्सीतून फोटो आडवेच निघतात. उलट ग्रिपमुळे कॅमेरा उंच होतो आणि बीनबॅगवर डुगडुगतो. खिशात एक जास्तीची बॅटरी ठेवली तर तेच काम होतं, वजनाशिवाय, प्रवचनाशिवाय.

ग्रिप खरी कुठे लागते? एक, झेड६सारख्या मिररलेस कॅमेऱ्याला, जो त्याच मोजणीत एका बॅटरीत ३१० फोटोंवर दमतो. दोन, आमच्या मंडईच्या रात्री. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री दंडार असते, नाहीतर वडशाहून आलेलं झाडीपट्टीचं नाटक. पडदा पहाटे पडतो. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते आणि ऐन खलनायक गरजत असताना अंधारात बॅटरी बदलणं म्हणजे शिक्षा. तीन, सारस. हा उडणाऱ्या पक्ष्यांतला जगातला सर्वांत उंच पक्षी. महाराष्ट्रात तो मुख्यतः आमच्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत उरला आहे, आणि तो उभा राहिला की फ्रेम उभीच मागतो. तिथे खालच्या बटणाचे उपकार वाटतात. अर्थात सारस एकटा क्वचितच असतो. जोडीदारीण आली की फ्रेम पुन्हा आडवी!

तर घ्यायचीच ठरली असेल तर दुकानातच पंचनामा करा. खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता आणि एमआरपी आहे का बघा. वजनमापाच्या नियमांनी ते बंधनकारक आहे. आपली बॉडी सोबत न्या. ग्रिप आवळा, लेन्स लावा, ग्रिपला धरून कॅमेरा हलवा. करकर आवाज आला की परत करा. खालच्या बटणाचा अर्धा दाब डोळे मिटून ओळखता आला पाहिजे. खालची चकती फिरवा. एका टिचकीला आकडा एकदाच बदलला पाहिजे. ग्रिप लावून कॅमेरा रात्रभर बंद ठेवा. सकाळी बॅटरी उतरलेली दिसली तर ग्रिप चोरून वीज पिते. बिल घ्या. "सर, डुप्लिकेटला बिल कशाला?" असं दुकानदार म्हणाला तर त्याने स्वतःच्या मालाची लायकी स्वतःच सांगितली, आभार माना आणि उठा.

या परीक्षेत कंपनीची ग्रिप पास होईलच, पण तिची किंमत परीक्षेत धरा. लग्नाच्या सीझनमध्ये रोज पोट भरणाऱ्याने, पावसात उभं राहणाऱ्याने ती घ्यावी, पैसे वसूल होतील. वर्षाला दहा वेळा कॅमेरा काढणाऱ्या हौशी गृहस्थाने नाव लावणाऱ्या तिऱ्हाईताची घ्यावी. नाहीतरी डीएसएलआरचा बाजार कंपन्या गुंडाळत आल्या आहेत; जुन्या बॉडीची अस्सल ग्रिप उद्या नवी मिळणार नाही, तेव्हा हेच तिऱ्हाईत उरतील. वाचलेल्या पैशात कंपनीची एक जास्तीची बॅटरी घ्या. आणि जंगलाच्या गेटवर कुणी बीनबॅगवाला तुमच्या ग्रिपचं गोत्र विचारायला आला, तर वाद घालू नका. त्याच्या लेन्सच्या टोपीवरचं नाव मोठ्याने वाचून दाखवा, चारही जिप्स्यांना ऐकू जाईल असं.